मिरजोळ्याचे सहा चिरे

चार दिवस रत्नागिरी जिल्ह्यात राहून आलो आणि समुद्र पाहिला नाही, असं सांगितलं की आमच्या सांगलीचे लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. मग पाहिलंत तरी काय, असं विचारतात. मी पाहिलं ते आमच्याच गाडीचं मागचं डावं चाक. उजवंही पाहिलं, पण त्याची काही गरज नव्हती, आणि ती का नव्हती हे सांगायलाच हे लिहायला बसलोय. जे अजून तिकडे गेले नाहीत त्यांनी समुद्र जरूर पाहावा. तो तिथेच आहे, असं सगळे सांगतात.

आधी माझ्या कानांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यांनीच केला. मी चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. गणितात मी बरा होतो, पण नाव होतं ते परीक्षेच्या वर्गात. फळ्याकडे तोंड करून उभा असलो तरी शेवटच्या बाकावर कोण कोणाला कितव्या प्रश्नाचं उत्तर पुरवतंय, हे मी पाठमोरा सांगत असे. निरोपसमारंभात तीन जण बोलले, त्यातले दोघे माझ्या कानांवर बोलले. अशा माणसाला निवृत्तीनंतर काही वर्षांनी कळायला लागतं, की पंखा चालू असला की समोरच्याचं बोलणं त्या पंख्यातच विरघळून जातंय. मग तो काय करणार? मी मान डोलवायला शिकलो. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, ते हसरं असलं तर हसायचं, गंभीर असलं तर "हो ना" म्हणायचं. बहुतेक वेळा भागतं. जिथे भागत नाही तिथे बायको म्हणते, "तुमचं लक्षच नसतं." हा आरोप मी आनंदानं सोसत होतो, कारण खरं कळण्यापेक्षा तो बरा.

बायको विमल, माहेर मिरजोळ्याचं, म्हणजे रत्नागिरी शहराला अगदी लागून. दिवाळीनंतर तिनं बेत ठरवला. एक रात्र मिरजोळ्याला भावाकडे आणि मग दोन रात्री थेट उत्तरेला मंडणगडात, मावशीकडे. विमलची आई लवकर गेली तेव्हा या मावशीनं तिला दोन वर्षं सांभाळलं होतं. मावशी आता पंच्याऐंशीची, आणि दोघींची भेट होऊन सात वर्षं झालेली. या खेपेला चुकलं तर पुन्हा भेट होईल याचा भरवसा नाही, हे विमल बोलली नाही. पण मावशीसाठी घेतलेलं मऊ सुती लुगडं तिनं बॅगेत तीन वेळा वरखाली केलं, तेव्हा मलाही कळलं.

आंबा घाट

मलकापूर सोडलं आणि विमल काहीतरी म्हणाली. मी मान डोलावली. ती माझ्याकडे वळून, वाकून पुन्हा म्हणाली, "अहो, मागून घूंऽऽ असा आवाज येतोय. ऐकू येतोय ना?"

मला इंजिन, रस्ता, वारा आणि गाडीतला पंखा यांची एकत्र खिचडी ऐकू येत होती. त्यातला घूं कुठला हे देवाला ठाऊक. "तर," मी म्हणालो, "मलकापूरपासूनच येतोय." हे 'मलकापूरपासून' कोणी विचारलं नव्हतं. खोटं बोलणारा मुलगा पायऱ्या जास्त दाखवतो, हे मी वर्गात हजारदा पाहिलंय.

घाट सुरू झाला. एका वळणावर खालची दरी उघडली, दुपारचं ऊन झाडांवरून उतरत कोकणात गेलेलं दिसत होतं. विमलनं काच खाली केली, बाहेर बघत हळूच काही बोलली. मी नेहमीप्रमाणे मान डोलावली आणि दुसरा गियर टाकला. दोन वळणं गेल्यावर तिनं काच वर घेतली आणि साखरप्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. गाडीच्या आवाजाची काळजी लागली असेल, असं मी स्वतःला समजावलं. साखरप्याला चहा आणि बटाटेवडा घेतला. वडा चांगला होता, पण आमच्याकडे वड्याबरोबर मिरची मागावी लागत नाही, इथे मागितली तर दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकच आणून दिली.

मिरजोळे

मेहुणा मुकुंद आंब्याच्या बागा सांभाळतो आणि दुसऱ्याच्या फजितीवर जगतो. अंगणात गाडी शिरताच तो म्हणाला, "या भावोजी. मोटार जरा दुखणाईत दिसत्ये. वाडीच्या वळणापासून कण्हत आल्ये." म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. मी गंभीर चेहरा करून, मलकापूरपासूनच, असं त्यालाही सांगितलं.

आमच्या घाटावर गाडीला आवाज येतो म्हटलं तर लोक एखाद्या मिस्त्रीचं नाव सांगतात आणि आपल्या कामाला लागतात. इथे लोक गाडीत येऊन बसतात. संध्याकाळपर्यंत वाडीतले सात-आठ जण माझ्याशेजारी बसून हमरस्त्यापर्यंत फेरी मारून आले आणि प्रत्येकानं आपापलं निदान दिलं. कोणी टायर एका बाजूनं खाल्लाय म्हणाला, कोणी ब्रेक चिकटतोय म्हणाला. शेजारच्या ऐंशीच्या काकूंनी गाडीत न बसताच विचारलं, की वेशीवरच्या राखणदार देवाला नारळ ठेवलात का. ठेवला नव्हता. मुकुंदानं दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवला आणि म्हणाला, "खटल्यात दोन्हीकडे वकील दिलेला बरा."

आणखी एक रीत. गाडी बघायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही. बागायतीचा वानवळा आणतो आणि तुम्हाला न विचारता डिकीत ठेवतो. रात्रीपर्यंत डिकीत तीस-एक नारळ, आमसुलांची पिशवी, कुळथाची पोतडी, दोन भोपळे आणि तांदळाचं अर्धं पोतं जमलं. माझी सासुरवाडी आहे म्हणून हे चालतं म्हणावं, तर निम्म्या लोकांना मी कोण हे ठाऊकही नव्हतं. सकाळी घावन आणि नारळाचा रस असा नाश्ता झाला. गोड रसात घावन बुडवून खायचं ही कल्पना मला तीस वर्षांत पचलेली नाही, पण घावनं मात्र मी सहा खाल्ली. मग विमलला शहरात न्यायला गाडी काढली. ती दोन मिनिटांत म्हणाली, "कालपेक्षा मोठा येतोय आवाज."

आम्ही तिथूनच परत फिरलो. अंगणात मुकुंदानं डिकीतल्या नारळांकडे बघितलं. "वजन वाढलं की ओरडत्ये," तो म्हणाला. "म्हणजे टायर नव्हे. चला, गणपतदादाकडे."

औद्योगिक वसाहत

मिरजोळ्याच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, एका बंद शेडच्या बाजूला गणपतदादाचं गॅरेज आहे. दादा साठीचा, आतल्या गावचा, अर्धं आयुष्य मुंबईत कारखान्यात काढून परत आलेला. बोलणं तुटक आणि मोठ्या आवाजात. मुकुंदानं ओळख करून देताना मोठ्यानं सांगितलं, की हे गणिताचे सर, आणि यांचे कान म्हणजे साक्षात परीक्षेचा दरारा. मुकुंदाला कोणाची स्तुती करावीशी वाटते तेव्हाच ती बरोबर महागात पडते.

दादानं डिकी रिकामी करायला लावली. नारळांची रास बघून त्याला काहीच आश्चर्य वाटलं नाही. मग त्यानं कुंपणाशी रचलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांकडे बोट केलं. घरं बांधायचे ते तांबडे चिरे, एक उचलायला धडधाकट माणूस लागतो. त्याची पद्धत अशी होती. मागच्या सीटवर डाव्या बाजूला सहा चिरे टाकायचे आणि गाडी पळवायची. मग तेच सहा उजव्या बाजूला टाकून पळवायची. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर ज्या बाजूला भार असेल त्या बाजूचा घूं वाढतो. इतकं शुद्ध गणित मी शाळेबाहेर पहिल्यांदाच बघत होतो आणि मला मनापासून आनंद झाला. तो पुढच्या वाक्यापर्यंत टिकला.

"गाडी ज्याची, कान त्याचं," दादा म्हणाला. "मी चालवतंय. सर, तुमी बाजूला बसून सांगा."

विमल म्हणाली की आवाज तिला चांगला ओळखू येतो, ती बसते. तिथे मी गप्प बसलो असतो तर हे प्रवासवर्णन समुद्राचं झालं असतं. पण मुकुंद बघत होता, दादा बघत होता, आणि चौतीस वर्षांची अब्रू होती. मी म्हणालो, "तू कशाला? माझे कान आहेत ना." विमल शेडच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

चिरे आम्हीच चढवले. सीटवर बारदान टाकलं होतं तरी माझा पांढरा सदरा कोपरापर्यंत तांबडा झाला. डावी बाजू भरली. दादानं वसाहतीच्या सरळ रस्त्यावर गाडी साठावर नेली. मी डोळे मिटून ऐकण्याचा आव आणला, मग एक डोळा उघडून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड त्या चिऱ्यांसारखंच. काहीच वाचता येईना. परत येऊन चिरे उजवीकडे टाकले, म्हणजे बरोबर दादाच्या पाठीमागे. पुन्हा साठ. आणि या वेळी दादाच्या भुवया एकदम वर गेल्या. मला हायसं वाटलं. शेवटच्या बाकावरची चिठ्ठी सापडावी तसं झालं.

"उजवीकडे वाढला," मी ठासून म्हणालो. "निश्चित?" दादानं विचारलं. "निश्चित," मी म्हणालो, "जवळजवळ दीडपट."

दादानं माझ्याकडे क्षणभर जास्तच पाहिलं, पण सरांच्या शब्दापुढे बोलणं त्याला बरं वाटलं नसावं. मुकुंद मोटारसायकलवरून शहरात सामान आणायला गेला. पहिल्या दुकानात नव्हतं, दुसरं जेवणासाठी बंद. आम्ही शेडमध्ये बसून मुकुंदाच्या बायकोनं बांधून दिलेला मऊ भात आणि मेतकूट खाल्लं. विमल दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होती. त्याच दिवशी दुपारी मंडणगडला निघायचं ठरलं होतं. मावशीला सांगून झालं होतं आणि मावशीनं म्हणे सकाळपासून ओटीवर खुर्ची टाकली होती.

सामान आलं तेव्हा चार वाजले होते. दादानं उजवं चाक काढलं, ड्रम काढला, जुनं बेअरिंग हबसकट उतरवलं. ते त्यानं हातात धरून फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि एका फडक्यावर नीट ठेवलं. नवं बसवलं, चाक चढवलं. आता विमल बसली. शंभर पावलं गेली नाहीत तोच ती म्हणाली, "आहे तसाच आहे."

गाडी शेडमध्ये परत आली. सूर्य कलायला आला होता. विमलनं मावशीला फोन लावला आणि आज नाही येत, उद्या येतो, असं सांगितलं. दोन रात्रींतली एक गेली होती आणि ती मी खाल्ली होती, हे मला त्या वेळी एकट्याला ठाऊक होतं. मी आयुष्यात पोरांना कॉपीसाठी वर्गाबाहेर काढलं. त्या संध्याकाळी मला स्वतःलाच बाहेर काढावंसं वाटलं.

हाताचं ऐकणं

विमल फोनवर बोलत होती, मुकुंद पाणी प्यायला गेला होता. दादानं मला हाकेनं नाही, हातानं बोलावलं. डावीकडून जॅक लावून त्यानं मागचं चाक उचललं होतं. माझा हात धरून त्यानं चाकाच्या आतल्या बाजूच्या जाड स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक जोरात फिरवलं.

बोटांना काहीतरी लागलं. बारीक खरखर, घरच्या जात्यात वाळूचे कण पडावेत तशी. चाक थांबलं तशी तीही थांबली. मग त्यानं मला उजवीकडे नेलं, ते चाक उचललं, तसाच हात ठेवायला लावला. चाक फिरलं आणि बोटांना काही म्हणजे काही लागलं नाही. मी पुन्हा डावीकडे गेलो आणि आपल्या हातानं फिरवलं. खरखर. कित्येक महिन्यांत इतकी स्पष्ट गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

"डावं गेलंय," मी म्हणालो.

"सकाळपासून डावंच हाय," दादा म्हणाला. मग खाली बसला आणि आवाज जरा आत घेतला, म्हणजे त्याच्या हिशोबानं हळू. "मला बी आयकू येत नाय, सर. वीस वर्षं प्रेसच्या मशीनवर होतो. म्हणून मी हातानं बगतंय. तुमी ठासून सांगितलात, आता सरांनी सांगितल्यावर मी परत हात लावायचा म्हंजे तुमच्यावर इस्वास नाय आसं झालं असतं."

मी विचारलं, की मग उजवीकडे चिरे असताना त्याच्या भुवया का वर गेल्या होत्या.

"वरचा चिरा सरकला न् माज्या पाटीत बसला," तो म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "तुमी रस्ताभर माज्या तोंडाकडं बगत होतात. मी पन लोकांच्या तोंडाकडंच बगतो. तेव्हाच वळखलं."

मला हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. दोन बहिरे एकमेकांच्या तोंडाकडे बघत, सहा चिरे घेऊन, साठाच्या वेगानं आवाज शोधायला निघाले होते. मी त्याला विचारलं, की घरी ठाऊक आहे का. तो म्हणाला, बायकोला पहिल्याच महिन्यात सांगितलं. नाहीतर तिला वाटलं असतं, की मुंबईहून माणूस माजून आलाय, उत्तरच देत नाही.

हे वाक्य मी मिरजोळ्याहून बरोबर आणलं. नारळ संपले, ते अजून आहे.

अंगण

संध्याकाळी सासुरवाडीच्या अंगणात विमल मावशीसाठीचं लुगडं परत घडी करत होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पंखा, मान डोलावणं, मलकापूर, दीडपट. वाटलं होतं ती हसेल किंवा चिडेल. तिनं लुगड्याची घडी पूर्ण केली.

"आंबा घाटात मी बोलले, तेही ऐकू आलं नव्हतं?"

"नाही. काय बोलली होतीस?"

"इथे पाच मिनिटं थांबू या, म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही मान डोलावलीत आणि पुढे गेलात. नेहमीच जाता. मला वाटायचं, तुम्हाला नको असतं. म्हणून मग मी दुसऱ्यांदा म्हणत नाही."

कान गेल्याचं मला तितकंसं दुःख नव्हतं. पण माझ्या मान डोलावण्यातून या बाईनं इतकी वर्षं 'नको' ऐकलं होतं, याचं फार वाईट वाटलं. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, की कानांच्या डॉक्टरकडे जायचं आणि आधी हे हात धुऊन यायचं, चिऱ्याची माती सगळीकडे लागत्ये. इतक्या वर्षांनी माहेरच्या अंगणात तिच्या तोंडी पुन्हा 'लागत्ये' आलं होतं.

मंडणगडकडे

सकाळी दादानं काम अर्ध्या तासात उरकलं. उजवीकडून उतरवलेलं, फडक्यावर जपून ठेवलेलं चांगलं बेअरिंग त्यानं डावीकडे बसवलं, दोन्हींचं माप एकच. पुन्हा शहरात जायला नको, दुकान जेवणासाठी बंद व्हायला नको. माझ्या खोटं बोलण्याचा झाला तो एवढाच उपयोग. निघताना दादानं स्वतःच्या परसातली चार शहाळी डिकीत ठेवली. मी त्याचा हात हातात घेतला, तर त्यानं सवयीनं माझा तळवाच चाचपून पाहिला.

राखणदाराचा नारळ का गणपतदादाचा हात, यावर मुकुंदाचं घर अजून एकमताला आलेलं नाही. पण संगमेश्वर, चिपळूण, खेड गेलं तरी विमल मागच्या चाकांबद्दल काही बोलली नाही. मी दर अर्ध्या तासानं विचारत होतो, आवाज येतोय का, आणि ती प्रत्येक वेळी "नाही" म्हणत होती, शेवटी शेवटी जरा रागानंच. मी पंखा बंद ठेवला होता. घामानं सदरा भिजला, पण कालच्या तांबड्या मातीपुढे ते काही नव्हतं.

मंडणगड तालुक्यात शिरलं की रस्ता डोंगरातच घुसतो. भातं कापून झाली होती, शेतांत पिवळे खुंट उरले होते, मधूनच पेंढ्याची उडवी. चढणीच्या एका वळणावर खाली मावशीची वाडी दिसली, दहा-बारा कौलारू घरं. विमल काच खाली करून बाहेर बघत होती. तिचे ओठ हलले.

मान माझी हलायला निघालीच होती. मी ती धरून ठेवली, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. डोंगरात एकदम इतकं शांत झालं, की मलाही ते कळलं.

"काय म्हणालीस?" मी म्हणालो. "मला ऐकू आलं नाही. परत सांग."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, मग थांबलेल्या गाडीकडे, मग खाली वाडीतल्या मावशीच्या कौलांकडे.

"गाडी थांबवा, म्हटलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही थांबवलीत."